शिरगोळा आणि डोलोमाइट : देओदा द दोलोम्यू यांची जीवनकथा (मराठी निबंध)



दिवाळीच्या आधीचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. गोवंडी स्टेशनातून बाहेर पडलं की पदपथावर रांगोळीचे ढीग मांडलेले दिसतात. लाल, पिवळा, जांभळा, मोरपंखी, आणि सगळ्यांत मोठा ढीग पांढऱ्याचा. आपण किलोभर पांढरी घेतो, चार रंगांच्या पुड्या घेतो आणि घरी येतो. ही पांढरी पूड नक्की कशाची असते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मलाही पडला नव्हता. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलामुळे पडला.

हा मुलगा वर्गात बोलायचा नाही. प्रश्न विचारला की खाली बघायचा. तोंडी परीक्षेच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे प्रतिसाद नाही, एवढाच शेरा लिहून मी मोकळी झाले होते. सणाच्या दिवसांत तो आत्याबरोबर रांगोळी विकायला बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत रांगोळी स्पर्धा होती त्या दिवशी मुलींनी आणलेली पांढरी पूड त्याने दोन बोटांत चोळून बघितली. ही संगजिऱ्याची आहे, गुळगुळीत आहे, चिमटीतून नीट सुटणार नाही. ती दुसरी दगडाची आहे, भरड आहे, तिची रेघ सरळ पडेल, असं त्याने सांगितलं. तसंच झालं. मग त्यानेच मला विचारलं की बाई, हा दगड कुठून येतो आणि पुस्तकात त्याला काय म्हणतात?

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी प्रतिसाद नाही हा शेरा खरं तर माझ्या नावापुढे लिहायला हवा होता. उत्तर शोधता शोधता मी एका फ्रेंच माणसापर्यंत पोहोचले. त्याचीच गोष्ट आज तुम्हाला सांगते. मुलांना सांगायला तुम्हालाही उपयोगी पडेल.

एक दगड, अनेक नावं

आधी दगडाची ओळख करून घेऊ. मराठीत रांगोळीच्या दगडाला शिरगोळा म्हणतात. पूर्वी घरोघरी शिरगोळे आणायचे, ते भाजायचे, कुटायचे आणि चाळून त्याची रांगोळी करायची. हा मऊ पांढरा दगड म्हणजे बहुतेक वेळा डोलोमाइट. कोकणात मात्र भाताचं तूस जाळून त्याच्या राखेची रांगोळी करण्याचीही पद्धत होती. जिथे जे मिळेल, त्यातून अंगण सजायचं.

मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून पाच पांढऱ्या दगडांतला फरक लक्षात ठेवू या. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवर हे तिचंच उष्णतेने आणि दाबाने बदललेलं रूप. संगजिरं म्हणजे टाल्क, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा काढेल इतकी कठीण. आणि शिरगोळा म्हणजे डोलोमाइट. त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट जोडीने असतात. त्याच्या स्फटिकात कॅल्शियमचा एक थर, मग मॅग्नेशियमचा एक थर, अशी एकाआड एक रचना असते.

युरोपातही या दगडाला बरीच नावं होती. मॅग्नेशियमचे क्षार चवीला कडू, म्हणून जर्मन भाषेत त्याच्या नावात कडूपणा आला. काही स्फटिकांना मोत्यासारखी झळाळी असते, म्हणून कुणी त्याला मोत्याच्या नावाने ओळखलं. शेती आणि बांधकामवाले त्याला सरळ मॅग्नेशियमयुक्त चुनखडी म्हणतात. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागातल्या आम्लधर्मी जमिनीत तो दळून टाकता येतो. पोलादाच्या भट्टीत मळी वेगळी काढायला आणि भट्टीला आतून अस्तर द्यायलाही तो लागतो.

आपली मुंबई बसली आहे काळ्या बसाल्टवर. गोवंडीतून ट्रॉम्बेची टेकडी दिसते, तीही ज्वालामुखीच्या खडकाची. इथे शिरगोळा मिळायचा नाही. महाराष्ट्रात डोलोमाइट आहे तो विदर्भात: चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत. बाहेर गुजरातमधलं छोटा उदेपूर आणि राजस्थान हे भाग डोलोमाइटच्या पुडीसाठी ओळखले जातात. म्हणजे आपल्या दारातली पांढरी चिमूट केवढा तरी प्रवास करून आलेली असते.

जन्म आणि बालपण

देओदा द दोलोम्यू यांचा जन्म २३ जून १७५० रोजी फ्रान्सच्या आग्नेय भागात, दोफिने प्रांतातल्या दोलोम्यू या गावी झाला. आपल्याकडे साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांचं निधन झालं त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. म्हणजे काळ कोणता ते ध्यानात येईल. घराणं सरदारांचं. गावावरून आडनाव, आपल्याकडे पुण्याचे ते पुणेकर होतात तसंच.

त्या काळच्या रीतीप्रमाणे घरच्यांनी त्यांना अगदी लहानपणीच, दोन वर्षांचे असताना, माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघात दाखल केलं. भूमध्य समुद्रातलं माल्टा बेट या संघाच्या ताब्यात होतं. संघाची स्वतःची जहाजं होती, सैनिक होते, कायदे होते. मुलाने काय व्हायचं ते मुलाला बोलता येण्याआधीच ठरलं होतं. पालकहो, हे वाक्य वाचून जरा थांबा, कारण आपणही कधी कधी असंच करतो.

अठराव्या वर्षी झालेला गुन्हा

१७६८ साली, अठराव्या वर्षी, दोलोम्यू संघाच्या जहाजावर होते. तिथे एका सोबत्याशी भांडण झालं. भांडणाचं द्वंद्वयुद्ध झालं आणि त्यात दोलोम्यूंच्या हातून तो सोबती मारला गेला. संघाने त्यांना जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे पोपने रदबदली केली आणि साधारण वर्षभराने त्यांची सुटका झाली.

मुलांना चरित्र सांगताना आपण हा भाग वगळतो का? मला वाटतं वगळू नये, आणि गोडही करू नये. एक तरुण जिवानिशी गेला होता. मोठ्या घराण्यातला मुलगा होता म्हणून त्याच्यासाठी शब्द टाकायला माणसं होती; सगळ्यांसाठी ती नसतात, हेही मुलांना सांगावं. पण या चरित्रातला पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मिळालेल्या दुसऱ्या संधीचं या माणसाने काय केलं?

औषधविक्याकडे मिळालेले धडे

सुटकेनंतर दोलोम्यू फ्रान्सच्या सैन्यात गेले. मेट्झ या शहरात त्यांची नेमणूक होती. तिथे एक औषधविक्रेता होता, तिरियों नावाचा. त्याच्याकडे त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. रसायनांच्या बाटल्या, तराजू, आम्लं, क्षार यांत त्यांचं मन रमलं. तिथेच त्यांची ड्यूक द ला रोशफुको या विज्ञानप्रेमी उमरावाशी मैत्री झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली. १७७८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना आपला पत्रव्यवहारी सदस्य करून घेतलं.

यानंतर हा माणूस चालतच राहिला. पोर्तुगाल, सिसिली, एटना ज्वालामुखी, लिपारी बेटं, इटलीचे डोंगर. पाठीला पिशवी, हातात हातोडी, आणि दिसेल तो खडक फोडून बघायचा. लिपारी बेटांच्या प्रवासाचं त्यांचं पुस्तक १७८३ साली निघालं.

कालाब्रियाचा भूकंप

त्याच १७८३ च्या फेब्रुवारीत इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, भूकंपांची मालिका सुरू झाली. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं पडली. दोलोम्यू तिथे जाऊन प्रत्यक्ष फिरले. कुठलं गाव किती पडलं आणि त्याखाली जमीन कशी आहे, हे त्यांनी जोडून पाहिलं. भुसभुशीत गाळावर वसलेली मैदानातली गावं भुईसपाट झाली होती. त्या मानाने कठीण खडकावरची गावं कमी पडली होती. हे निरीक्षण त्यांनी १७८४ साली छापलं.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी ऐकली, पाहिली, त्यांना या निरीक्षणाचं मोल सांगायला नको. घर कशाचं बांधलं इतकंच नाही, तर घराखाली काय आहे तेही बघावं लागतं. ही गोष्ट दोलोम्यूंनी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पायी हिंडून टिपली.

फसफसला नाही तो दगड

आता मुख्य प्रसंग. १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटली त्याच वर्षी, दोलोम्यू आपल्या एका तरुण सोबत्याबरोबर आल्प्स पर्वतात, तिरोलच्या भागात फिरत होते. वाटेत एक फिकट दगड दिसला. दिसायला अगदी चुनखडी. त्या काळी चुनखडी ओळखायची सोपी खूण होती, आणि आजही तीच आहे: दगडावर सौम्य आम्लाचा थेंब टाकायचा. चुनखडी असेल तर लगेच फसफसते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात.

दोलोम्यूंनी थेंब टाकला. दगड फसफसला नाही.

इथे घाईचा माणूस काय म्हणाला असता? चुनखडी नाही, टाकून द्या. दोलोम्यूंनी तसं केलं नाही. त्यांनी तपास चालू ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं की या दगडाची आम्लावर क्रिया होते, पण अतिशय सावकाश. दगड मुका नव्हता, संथ होता. आज आपल्याला कारण माहीत आहे. डोलोमाइटची बांधणी चुनखडीपेक्षा आम्लाला जास्त दाद न देणारी असते. त्याची पूड केली किंवा आम्ल थोडं गरम केलं की तोही बुडबुडे सोडू लागतो.

१७९१ साली त्यांनी या दगडाबद्दल एका फ्रेंच विज्ञानपत्रिकेत लिहिलं. काही नमुने जिनिव्हाला निकोला-तेओदोर द सोस्यूर यांच्याकडे पाठवले. विज्ञान शिकवणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण प्रकाशसंश्लेषणात पाण्याचा वाटा असतो हे पुढे दाखवून देणारे सोस्यूर ते हेच. तेव्हा ते चोविशीतले तरुण होते. त्यांनी दगडाचं पृथक्करण केलं आणि १७९२ मध्ये दोलोम्यूंच्या सन्मानार्थ त्याला दोलोमी हे नाव दिलं. त्याचंच पुढे डोलोमाइट झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा दगड पाहणारे दोलोम्यू काही पहिले नव्हते. बेल्साझार आके नावाच्या वैद्याने १७७८ सालीच, आजच्या स्लोव्हेनियाच्या भागात, असा न फसफसणारा चुनखडीसारखा दगड नोंदवला होता. आणि आपल्याकडच्या बायका शिरगोळा भाजून, कुटून, उंबरठ्यावर गोपद्मं काढत होत्या, त्यांना तर तो हाताच्या स्पर्शाने ओळखता यायचा. मग नाव दोलोम्यूंचंच का? कारण त्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं, नमुना जपला आणि तो तपासायला दुसऱ्याच्या हाती दिला. ज्ञान हातात असणं वेगळं आणि कागदावर उतरणं वेगळं. आपल्या घरातलं किती ज्ञान असं नोंदीविना गेलं, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा.

क्रांतीची झळ

सुरुवातीला दोलोम्यू क्रांतीच्या बाजूने होते. उमराव असूनही त्यांना जुनी व्यवस्था बदलावी असं वाटत होतं. पण सप्टेंबर १७९२ मध्ये त्यांचे जिवलग मित्र ला रोशफुको यांना संतप्त जमावाने ठार मारलं. त्या वेळी दोलोम्यू त्यांच्याबरोबर होते. मित्राची आई आणि पत्नी यांना नंतर त्यांनी आधार दिला. पुढे क्रांतीत त्यांची स्वतःची मालमत्ताही गेली.

एकेकाळचा सरदारपुत्र आता नोकरी करून पोट भरणार होता. आणि ती नोकरी कोणती? शिक्षकाची! पॅरिसच्या खाणकाम विद्यालयात ते शिकवू लागले. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात जायचं आणि खडक दाखवून शिकवायचं, ही त्यांची पद्धत. सहल म्हणजे एक दिवस फुकट गेला, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

माल्टा, इजिप्त आणि वादळ

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर निघाला. सैन्याबरोबर त्याने विद्वानांचा मोठा ताफाही घेतला, त्यात दोलोम्यू होते. वाटेत माल्टा लागलं. ज्या संघात ते लहानपणी दाखल झाले होते, त्याच संघाशी शरणागतीची बोलणी करायला नेपोलियनने त्यांना पुढे केलं. जूनमध्ये काही दिवसांतच माल्टा फ्रेंचांच्या हाती गेलं. संघातल्या अनेकांच्या नजरेत दोलोम्यू फितूर ठरले. त्यांना स्वतःलाही आपला वापर करून घेतल्याचं दुःख झालं. पण घडायचं ते घडून गेलं होतं.

इजिप्तमध्ये त्यांची तब्येत बिघडली. मार्च १७९९ मध्ये ते परत यायला निघाले. त्याच जहाजावर जनरल द्युमा होते. थ्री मस्केटीअर्स आणि काउंट ऑफ माँटे क्रिस्टो लिहिणारे अलेक्झांडर द्युमा हे त्यांचेच चिरंजीव, पण ते अजून जन्मायचे होते. जहाज जुनं होतं. वादळात त्यात पाणी शिरू लागलं. नाइलाजाने इटलीच्या दक्षिणेला तारांतो बंदरात आसरा घ्यावा लागला. ते राज्य नेपल्सच्या राजाचं आणि तिथे फ्रेंचांविरुद्ध उठाव झालेला. सगळे कैदी झाले.

एकवीस महिने अंधारात

दोलोम्यूंना ओळखणाऱ्यांनी माल्टाची आठवण काढली. त्यांना इतरांपासून वेगळं करून सिसिलीतल्या मेसिना शहरात एकांतवासात डांबलं. कागद नाही, शाई नाही, बोलायला माणूस नाही. हा तुरुंगवास एकवीस महिने चालला. त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मे १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला आणि मार्च १८०० मध्ये पुण्यात नाना फडणीस वारले. जग बदलत होतं आणि हा माणूस एका कोठडीत बसला होता.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य पेन्सिलीने लिहिलं, हे आपण मुलांना सांगतो. दोलोम्यूंकडे पेन्सिलही नव्हती. त्यांनी दिव्याची काजळी पाण्यात कालवून शाई केली, लाकडाच्या काडीचं टोक काढून लेखणी केली आणि जवळ असलेल्या पुस्तकाच्या समासात लिहायला सुरुवात केली. विषय होता: खनिज ओळखायचं कशावरून? रंगावरून, आकारावरून, सापडण्याच्या जागेवरून? या गोष्टी बदलतात, असं त्यांचं म्हणणं. खनिजाची खरी ओळख त्याच्या आतल्या घडणीत, ते ज्या सूक्ष्म कणांचं बनलं आहे त्यात शोधली पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला. हे लिखाण १८०१ साली पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने आलं.

बाहेर त्यांच्या सुटकेसाठी विद्वान धडपडत होते. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू असतानाही लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांनी त्यांच्यासाठी प्रयत्न केले. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने तर ते तुरुंगात असतानाच त्यांना खनिजशास्त्राचं प्राध्यापकपद दिलं. खुर्ची रिकामी, पण नाव लागलेलं! शेवटी नेपोलियनच्या इटलीतल्या विजयानंतर नेपल्सशी तह ठरताना त्यांच्या सुटकेची मागणी झाली आणि मार्च १८०१ मध्ये ते बाहेर आले.

अखेर

पॅरिसला येऊन त्यांनी व्याख्यानं दिली. उन्हाळ्यात पुन्हा आल्प्समध्ये गेले. पण तुरुंगाने शरीर पोखरलं होतं. नोव्हेंबर १८०१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, शातोनफ इथे बहिणीच्या घरी त्यांचं निधन झालं. सुटून पुरते नऊ महिनेही झाले नव्हते.

ज्या डोंगरांत तो दगड आहे, त्यांना त्यांचं नाव त्यांच्या हयातीत मिळालं नाही. पुढे १८६४ साली दोन इंग्रज प्रवाशांनी त्या भागावर पुस्तक लिहिलं आणि डोलोमाइट पर्वत हे नाव सगळीकडे पोहोचलं. सूर्यास्ताला गुलाबी होणारी ही शिखरं २००९ साली जागतिक वारसा यादीत आली.

दगडाने राखून ठेवलेलं कोडं

गोष्ट इथे संपायला हवी, पण अजून एक भाग आहे आणि तो मला सर्वांत आवडतो. निसर्गात डोलोमाइटचे डोंगरच्या डोंगर आहेत. पण प्रयोगशाळेत, साध्या तापमानाला, डोलोमाइट काही केल्या वाढेना. शास्त्रज्ञ दोनशे वर्षं या कोड्यापाशी अडले होते.

२०२३ मध्ये अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ आणि जपानमधलं होक्काइदो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी एक उत्तर दिलं. स्फटिक वाढताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कण चुकीच्या जागी बसतात आणि पुढची वाढ अडते. पण मधून मधून पाण्याने वरचा थर थोडा विरघळला, की चुकीचे कण आधी निघून जातात आणि योग्य थर बसायला जागा होते. पाऊस, भरती-ओहोटी यांमुळे निसर्गात असं पुन्हा पुन्हा होतं. म्हणजे हा दगड वाढतो तो चुका धुतल्या जाण्यातून. एकदाच नाही, असंख्य वेळा, आणि फार सावकाश.

वर्गात हे करून पाहा

१. पांढरी, रंग न मिसळलेली रांगोळी, अंड्याचं कवच आणि संगमरवराचा तुकडा घ्या. प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर चुनखडीच्या जातीचं. सावकाश, थोडे थोडे आले तर डोलोमाइट असू शकेल. काहीच झालं नाही तर गारगोटीची किंवा संगजिऱ्याची पूड असू शकेल. बाजारात सगळ्याच प्रकारची रांगोळी मिळते, म्हणून उत्तर आधी सांगू नका.

२. ज्या रांगोळीला बुडबुडे आले नाहीत, तिच्यावर कोमट व्हिनेगर टाका आणि मुलांना दोन मिनिटं शांत बसून बघायला सांगा. ही दोन मिनिटं महत्त्वाची आहेत.

३. फळ्यावरचा खडूही तपासा. बरेच खडू जिप्समचे असतात, ते फसफसत नाहीत. खडू म्हणजे चुनखडी असं समजणाऱ्या मुलांना गंमत वाटेल.

४. घरातल्या मोठ्यांना विचारून रांगोळी, चूल, शेत, बांधकाम यांत वापरल्या जाणाऱ्या दगडमातीची नावं वहीत लिहून आणायला सांगा. आजी म्हणेल तेच नाव लिहायचं, सुधारून नाही.

काळजी: रांगोळी चाळताना, भुरभुरताना ती नाकातोंडात जाऊ देऊ नका. बाथरूम धुण्याचं आम्ल या प्रयोगाला अजिबात वापरू नका.

शेवटी

आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा पहिल्या थेंबाला मुलांनी एकच गलका केला की काही होत नाही. तो मुलगा मात्र वाकून बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने बोट दाखवलं. पुडीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे येत होते, एक, मग दुसरा. नंतर त्याने फळ्यापाशी येऊन शिरगोळा कसा ओळखायचा ते सगळ्यांना सांगितलं. पाच-सहाच वाक्यं बोलला, अडखळत बोलला. पण बोलला. तक्त्यातला तो शेरा मी खोडला आणि त्याच्या जागी काय लिहायचं, यावर बराच वेळ विचार केला. अजून लिहिलेलं नाही. वर्ष संपायला अवकाश आहे.

शिक्षकहो, पालकहो, आपण दिवसभरात किती मुलांवर एकच थेंब टाकतो आणि पुढे जातो! यंदा दारात रांगोळी काढाल तेव्हा चिमटीतल्या त्या पांढऱ्या पुडीकडे एकदा बघा, आणि शेजारी बसलेल्या मुलाला तिचं नाव सांगा. दोन्ही नावं सांगा, शिरगोळा आणि डोलोमाइट.